गावभागातल्या घरात वायरवरचं वायफाय: माडी, सोपा झाला, परसातली खोलीही जोडली

माडीवरचं आणि सोप्यातलं काम संपलं आहे. परसातल्या खोलीची जोडणीही आता चालू झाली. गच्ची तेवढी राहिली. ज्यांची घरं आमच्यासारखी जुनी, जाड भिंतींची आहेत, त्यांच्या कामी यावं म्हणून आतापर्यंतचं सगळं इथं लिहून ठेवतोय.

घर सांगलीच्या गावभागात आहे. रस्त्याला लागून सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर. माजघरावर लाकडी तक्तपोशीची माडी. परसू ओलांडलं की मागं विटांची वेगळी खोली, वर पत्रा. मूळ घराच्या भिंती दगड-मातीच्या, पावणेदोन फूट जाडीच्या. राउटर सोप्यात होता. स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उन्हाळ्यात उणे ७४ डीबीएमच्या आसपास मिळायचा (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात). श्रावणात त्याच जागी उणे ८० च्याही खाली जायचा, कारण भिंती ओल धरतात आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. मागच्या खोलीत तर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पोचायचा, तोही नावाला. चुलतभावाचं ऑफिसचं काम त्याच खोलीतून चालतं, त्यामुळं हा प्रश्न सोडवायलाच हवा होता.

रिपीटर लावा, असं सगळे सांगतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं बोलतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. शिवाय त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळेल अशा जागी ठेवावा लागतो, आणि आमच्या घरात भिंतीच्या पलीकडं तशी जागाच नाही. मेश (एकमेकांशी बोलणारे राउटर) लावून त्यांच्यात बिनतारी दुवा ठेवला तर तोही त्याच भिंतीतून जाणार. म्हणून ठरवलं की भिंत ओलांडायचं काम तांब्याच्या तारेनं करायचं आणि रेडिओनं फक्त खोलीतल्या खोलीत बोलायचं. दोन खोल्यांत मिळून एक जोरदार यंत्र नको, जिथं माणसं बसतात तिथं एकेक छोटा अॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायरीतलं नेट वायफायवर देणारा डबा) हवा.

मुख्य जागा कुठं?

इतर गावांत हा प्रश्न मिनिटभराचा. सांगलीत तसं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा गावात आलं. आमच्या सोप्याच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे, माझ्या छातीच्या वर. त्या खुणेला मी या सगळ्या आखणीची शून्य रेषा धरलं. खुणेच्या खाली वीज लागणारं एकही उपकरण नाही. तिथं फार तर वायर आणि भिंतीतलं सॉकेट.

म्हणून फायबरवाल्याचा डबा, राउटर, आठ पोर्टचा पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज देणारा) स्विच आणि पॅच पॅनेल (सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथं येऊन मिळतात ती पट्टी) हे सगळं माडीवर, जिन्याच्या डोक्याशी असलेल्या कोनाड्यात बसवलं. बाहेरून येणारी फायबरही खांबावरून थेट माडीच्या खिडकीपाशी घ्यायला लावली. प्रत्येक खोलीची वायर वरून खाली उतरते. सोप्यातला एपी छताला आहे, म्हणजे पाण्याच्या खुणेच्या वर. जिथं सॉकेट खाली घ्यावंच लागलं, तिथं वायरचं एक वेटोळं वर शिल्लक ठेवलंय. केबलच्या तोंडातून पाणी एकदा आत शिरलं की ते आवरणाच्या आतून लांबवर झिरपत जातं. तेवढा भाग कापून टाकायचा आणि वेटोळ्यातली कोरी वायर खाली ओढून नवं कीस्टोन (सॉकेटमधला जोड) पंच करायचं, म्हणजे तारा त्याच्या खाचांत दाबून बसवायच्या, अशी ही सोय आहे. पुराची सूचना आली की वरच्या पॅच पॅनेलवरून खालच्या खोल्यांच्या कॉर्ड काढल्या की झालं.

याचा दुसरा फायदा विजेचा. एपींना वीज इथरनेटच्या त्याच वायरीतून मिळते, स्विच इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळं लाईट गेली तरी घरभर वायफाय चालू राहतं. ८०२.३एएफ या मानकात पोर्टवर १५.४ वॅट देतात आणि वायरीतली घट धरून टोकाला १२.९५ वॅट मिळतात. वायफाय ६ चे काही एपी यापेक्षा जास्त मागतात, त्यांना ८०२.३एटी लागतं, म्हणजे ३० वॅटचं पोर्ट. स्विच घेताना एका पोर्टचा आकडा बघून थांबू नका. सगळ्या पोर्टची मिळून मर्यादा डब्यावर वेगळी छापलेली असते, खरी तीच.

वायर ओढणं

आमचे वायरमन मामा जुन्या घरांत हात बसलेले आहेत. पहिला प्रश्न मी विचारला तो माडीकडं जाणाऱ्या जुन्या पाइपाबद्दल.

"मामा, ह्यातनं दोन वायरी जातील काय?"

"जातील की. पण आत लाईटची वायर हाय. तुझी वायर तिच्यासंगं नको."

त्यांचं बरोबरच होतं. विजेच्या आणि नेटवर्कच्या वायरी एका पाइपात घालू नयेत. सुरक्षेचा प्रश्न तर आहेच, शिवाय शेजारून समांतर गेल्या की गोंगाट उतरतो. म्हणून जिन्याच्या कडेनं नवा एक इंची पीव्हीसी पाइप घेतला आणि जिथं विजेची लाईन ओलांडावी लागली तिथं काटकोनात ओलांडली. दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल मारताना मात्र जपावं लागतं. बिट दगडावर आदळलं की बाजूची माती ढासळते आणि भोक आतल्या आत वाकडं होतं. मामांनी हॅमर बंद ठेवून, हळूहळू, दोन दगडांमधला मातीचा सांधा शोधत लांब बिट घातलं. भोकात आधी पाइपाचा तुकडा बसवला, कडेनं चुन्यानं बुजवलं आणि मग त्यातून स्प्रिंग घालून वायर ओढली. पाइप नसता तर भिंतीतल्या खड्यांनी आवरण सोललं असतं.

प्रत्येक ठिकाणी दोन वायरी ओढल्या, एक लागत असली तरी. मजुरी वायर ओढण्याची असते, दुसरी वायर तिच्याबरोबर जवळजवळ फुकटात जाते.

वायर कॅट-६ (नेटवर्कच्या वायरीचा दर्जा), पूर्ण तांब्याची, २३ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप). यावर माझं मत ठाम आहे: सुटी, मीटरवर मिळणारी स्वस्त वायर पीओईसाठी घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा सीसीए असतं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध जास्त, त्यामुळं लांब वायरीत व्होल्टेज पडतं, वायर तापते, आणि तार दोनदा वाकवली की तुटते. ओळखायला सोपं आहे. एक तार सोला आणि ब्लेडनं खरवडा. आत लाल दिसलं तर तांबं, पांढुरकं दिसलं तर परत करा.

कॅट-६ वर एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, १०० मीटरपर्यंत चालतं. त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की वायर आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या कॉर्ड, असा हिशेब धरतात. आमच्या घरात सगळ्यात लांब वायर ३० मीटरच्या आत आहे, त्यामुळं पुढं कधी १० गिगाबिट करायचं ठरलं तरी हीच वायर पुरेल, कारण कॅट-६ वर ते ५५ मीटरपर्यंत जातं.

टोकं सगळी 'बी' या ठरलेल्या रंगक्रमानं: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. भिंतीतल्या वायरीवर थेट प्लग मारण्यापेक्षा कीस्टोनमध्ये पंच करणं चांगलं. घन तारेला प्लग नीट धरत नाही, हलवाहलवीत सैल होतो. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही, कारण त्या पिळामुळंच एका जोडीचा आवाज दुसरीत जात नाही.

स्वयंपाकघराची वायर जोडल्यावर स्विचवर १००० ऐवजी १०० एमबीपीएसचाच दुवा आला. असं दिसलं की बहुतेकदा एखादी जोडी लागलेली नसते. १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टेस्टर लावला तर तपकिरी जोडीचा दिवा लागेना. कीस्टोन बघितलं तर तपकिरी तार खाचेत बसलेली दिसत होती, पण पात्यानं आवरण कापलं नव्हतं. पुन्हा पंच केल्यावर १००० आलं. दुवा लागला म्हणून पुढं जाऊ नका, किती वेगाचा लागला तेही बघा.

एपींची मांडणी

चार जागा: सोपा, माडी, स्वयंपाकघर, मागची खोली. माजघराला वेगळा एपी दिला नाही. तक्तपोशी नुसत्या फळ्यांची आहे, लाकूड सिग्नलला फारसं अडवत नाही, त्यामुळं माडीचा एपी खाली माजघरात छान ऐकू येतो. याच घरात आडवं जाणं अवघड आणि उभं जाणं सोपं आहे. तुमच्या घरात काँक्रीटचा स्लॅब असेल तर नेमकं उलट होऊ शकतं, तेव्हा फोन हातात घेऊन फिरून मोजा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल असे: सोपा १, माडी ६, स्वयंपाकघर ११, आणि मागच्या खोलीला पुन्हा १, कारण सोप्याचा आवाज तिथवर येतच नाही. रुंदी सगळीकडं २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर शेजारच्या दोघांना एकच चॅनेल येणार नाही अशा बेतानं ३६ आणि १४९ आलटून पालटून, रुंदी ८०. नाव आणि पासवर्ड चारही ठिकाणी एकच. २.४ ची ताकद मुद्दाम कमी केली. जोर जास्त ठेवला तर सोप्यातून स्वयंपाकघरात गेलेला फोन सोप्याचाच सिग्नल धरून बसतो. एपीनं ओरडून उपयोग नाही, फोनचा आवाज त्याच्यापर्यंत परत पोचायला हवा, आणि फोनचा रेडिओ दुबळाच असतो.

मागच्या खोलीत घरातला जुना राउटरच एपी म्हणून वापरला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून. असं करताना त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, मुख्य राउटरच्या वाटपाबाहेरचा एक पक्का आयपी द्यायचा, आणि वायर वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टात न घालता लॅन (घरातल्या) पोर्टात घालायची. नाहीतर दोनदा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होऊन घरात दोन वेगळी जाळी होतात आणि घरातला प्रिंटर एका खोलीत दिसतो, दुसरीत नाही.

परसू ओलांडताना तांबं नको

मागच्या खोलीपर्यंत अंतर २० मीटरही नाही. कॅट-६ सहज गेली असती. पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर नेली की जवळपास वीज पडल्यावर त्या वायरीत विजेचा दाब उसळतो, आणि दोन्ही टोकांची अर्थिंग वेगळी असली तर तो स्विचमधून वाट काढतो. आमच्याकडं एप्रिल-मे मधला वळीव कडाडतच येतो. म्हणून इथं फायबर.

एका तंतूची सिंगल-मोड ड्रॉप केबल (फायबरची बारीक केबल), दोन्ही टोकांना एससी कनेक्टर, आणि मीडिया कन्व्हर्टरची (फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या वायरीतला सिग्नल यांची अदलाबदल करणाऱ्या डब्यांची) जोडी. एकाच तंतूवरून जाणं-येणं होतं, त्यामुळं कन्व्हर्टर जोडीनंच घ्यावे लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन एकसारखे घेतले तर दुवा लागणारच नाही. ड्रॉप केबल घेताना एक गोष्ट आवर्जून बघा. बहुतेक केबलींत ताण पेलायला बाजूनं पोलादी तार असते, आत मजबुतीलाही कधी पोलाद असतं. वीज टाळायला फायबर घ्यायची आणि शेजारून पोलाद न्यायचं, याला अर्थ नाही. मजबुतीला एफआरपी (वीज न वाहणारी फायबरग्लासची कांडी) असलेली केबल मागून घेतली, आणि ती जमिनीखालून पाइपातून नेली. पाइपाची दोन्ही तोंडं पाण्याच्या खुणेच्या वर उघडतात. पाइपात पाणी शिरलं तरी काचेच्या तंतूला शॉर्टची भीती नाही.

फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळं मागच्या खोलीत कन्व्हर्टर आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर आहेत, दाराच्या वरच्या फळीवर.

आकडे

माडीच्या मुख्य स्विचपासून मागच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत वायरीवर आयपर्फ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) ९४० एमबीपीएसच्या आसपास दाखवतं. गिगाबिट दुव्यावर याहून जास्त मिळत नाही, उरलेला भाग डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनात जातो. वायफायवर त्याच खोलीत ५०० च्या पुढं, सिग्नल उणे ४८. चुलतभावाच्या मीटिंगा आता मोबाइल डेटावर होत नाहीत. स्वयंपाकघरात आईचा फोन उणे ५० ला असतो, पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्यावर पुन्हा मोजणार आहे. भिंत आता वाटेतच नाही, तेव्हा आकडा हलू नये असा माझा अंदाज आहे.

सोप्यातून माडीवर चालत जाताना बोलणं क्षणभर अडखळतं. ८०२.११आर (एका एपीवरून दुसऱ्यावर झटकन जायची सोय) चालू केल्यावर नव्या फोनांवर ते थांबलं, पण घरातला एक जुना टॅब जोडणीच नाकारू लागला, म्हणून त्याच्यासाठी आर बंद असलेलं, फक्त २.४ चं वेगळं नाव ठेवलंय.

राहिलं ते गच्चीचं. तिथं उघड्यावर बसणारा एपी हवा, म्हणजे पुन्हा तांब्याची वायर बाहेर आणि पुन्हा विजेचा प्रश्न. माडीच्या छपराखालून, भिंतीच्या आत राहूनच गच्चीच्या दारापर्यंत सिग्नल नेता येतो का ते आधी बघतोय. मातीच्या घरावर गच्चीचा एपी कुणी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरसह बसवला असेल, तर अर्थची तार कुठून उतरवली ते जरूर सांगा.