थेंब हवा, तरंग नको

लालबुड्या बुलबुलाचं शेंडीपासून शेपटीखालच्या लाल डागापर्यंत अख्खं प्रतिबिंब अखेर एका फ्रेममध्ये बसलं, तेही ठिबक चालू असताना. म्हणून ही नोंद. पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी केलेलं पाण्याचं कुंड तेच आहे: १८० बाय ७५ सेमी, ५ सेमी खोल, विटांच्या तीन थरांवर, आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा काळा कागद. बदलली ती फक्त पाणी आत शिरण्याची वाट.

अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं साचलेलं पाणी पक्ष्यांना लांबून कळत नाही. थेंबाचा टपटप आवाज आणि चकाकी असली की शेजारच्या आंब्यावरचा चष्मेवाल्यांचा थवासुद्धा खाली उतरतो. पण तोच थेंब कुंडात पडला की प्रतिबिंबाच्या चिंध्या होतात. हिशेब सोपा आहे. पाण्याचा पृष्ठभाग १ अंशाने कलला तर परावर्तित किरण २ अंशांनी वळतो, आणि १८० सेमी अंतरावर तो साधारण ६ सेमी सरकतो. चष्मेवाला सगळा मिळून १० सेमीचा! डोळ्याला न जाणवणारी लहरही फोटोत त्याचं डोकं धडापासून तोडते.

थेंबाबद्दल आधी. शेतीच्या ठिबकचे ड्रीपर या कामाला घेऊ नका. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणाऱ्या) ड्रीपरला निदान अर्धा बार दाब लागतो, आणि भिंतीवर सव्वा मीटर उंच ठेवलेल्या कॅनमधून मिळतो जेमतेम ०.१२ बार. साधा ताशी ४ लिटरवाला ड्रीपर एवढ्या दाबावर ताशी १.४ लिटर देतो, म्हणजे मिनिटाला साडेचारशेच्या वर थेंब. तो थेंब राहतच नाही, धार होते. मार्केट यार्डाजवळचे ठिबकवाले 'चालतंय की साहेब' म्हणून देतील, पण त्यांच्या डोक्यात द्राक्षाची वेल असते, बुलबुल नसतो. त्यांच्याकडून फक्त ४ मिमीची मायक्रोट्यूब घ्यावी, ती स्वस्त आणि मजबूत मिळते.

थेंबासाठी मेडिकलमधला नवा सलाईन सेट उत्तम. (दवाखान्यातला वापरलेला मुळीच नको, तो जैववैद्यकीय कचरा आहे.) पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं. मिनिटाला ६० थेंब ठेवले तर ताशी १८० मिली. रात्री बंद ठेवलं तर दिवसभरात दोन लिटर पाणी पुरतं. खोड एकच: रोलर सरकवून वेग लावला की प्लास्टिकची नळी दाबाखाली हळूहळू पसरत राहते आणि वेग आपोआप बदलतो. लावल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजून लावावा. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातली स्क्रूची चिमटी रोलरपेक्षा स्थिर राहते. सेटमधल्या बारीक जाळीत शेवाळ अडकतं, म्हणून कॅनला काळा कागद गुंडाळायचा, नळीला काळी टेप लावायची आणि पाणी फडक्यातून गाळून भरायचं.

आता मुख्य मुद्दा. तरंग मोडण्याचे जे उपाय सुचवले जातात, त्यांतले बहुतेक अर्धवट निघाले. थेंब काठावरच्या दगडावर पाडला तर तो फुटतो आणि बारीक तुषार हातभर लांब कुंडात जातात. एका मोठ्या वर्तुळाऐवजी शंभर लहान वर्तुळं होतात. विटेचा आडवा बांध घालून कोपऱ्यात वेगळा कप्पा केला तर थेंबाचा तरंग थांबतो, पण बांधाच्या खाचेतून सांडणारं पाणी स्वतःचा तरंग उठवतं. गोणपाटाची वात परळातून (मातीच्या पसरट भांड्यातून) कुंडात सोडली की पाणी अगदी निःशब्द उतरतं, हा उपाय फार आवडता आहे. पण वात थांबत नाही. ठिबक मंदावलं की ती परळातलं पाणी उपसत राहते, परळ उथळ होतं आणि थेंबाचा आवाज बसतो. शिवाय गोणपाट लवकर कुजतं आणि वास मारतं.

चाललं ते पाटा-वरवंट्यातल्या पाट्याने. नाशिकच्या काळ्या दगडाचा पाटा, ४५ सेमी लांब, मागची बाजू ८ सेमी उचललेली, म्हणजे दहाएक अंशांचा उतार. पुढची २ सेमी कड पाण्यात बुडलेली. पाट्याच्या मागे ३० सेमी व्यासाचं मातीचं परळ, त्यात ४ सेमी पाणी, आणि त्यावर ३० सेमी उंचीवरून थेंब. परळाच्या काठाला कानशीने एक खाच. खाचेतून सांडलेलं पाणी पाट्यावर पसरतं आणि पातळ पापुद्र्यासारखं कुंडात सरकतं. थेंब नाही, धार नाही, तरंग नाही.

दोन ठिकाणी हे बिघडतं. एक, पाणी खाचेतून पाट्यावर न पडता परळाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून मागे ओघळतं. खाचेत काथ्याच्या दोरीचा बोटभर तुकडा अडकवून त्याचं टोक पाट्याला टेकवलं की पाणी दोरीच्या वाटेने येतं. दोन, पाटा गुळगुळीत झिजलेला असेल तर पाणी पसरत नाही, एकच ओहळ धरतं आणि तो कुंडात शिरताना थरथर उठते. पाट्याला ताजी टाकी लावून (छिन्नीने टोचून) घ्या. टाकीच्या खळग्यांतून पाणी रुंदभर पांगतं. जुन्या बाजारातला पाटा दिसायला छान, पण विकणारे तो तेल लावून काळा करून देतात, आणि तेलकट दगडावर पाणी गोळे धरतं. कपडे धुण्याच्या सोड्याने घासून, भरपूर पाण्याने धुऊन मगच बसवावा.

अनपेक्षित फायदा असा की दयाळ आणि नाचण आता कुंडापेक्षा पाट्यावरच जास्त रमतात. दोन-तीन मिलिमीटर पाण्यात पोट टेकवून, पंख थरथरवत अंघोळ चालते. शिंजिराची मादी तर पाट्याच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरतच नाही. पाटा फ्रेमच्या डाव्या कडेबाहेर ठेवायचा बेत होता, तो रद्द. आता पाटाच दुसरं बसण्याचं ठिकाण धरून हाईडची (लपून फोटो काढायच्या आडोशाची) खिडकी रुंद करायची आहे.

उरलेले तरंग पक्ष्यांचे स्वतःचे. काठ उभा असेल तर ते आपटून परत येतात, उतरता असेल तर विरतात. दोन्ही लांब बाजूंना १० मिमी खडीचा उतार केला आहे, एकाला सहाच्या प्रमाणात. पलीकडच्या आखूड काठावर पक्षी बसतो आणि अलीकडचा काठ पाण्याच्या बरोबरीला असावा लागतो, म्हणून तिथे खडी नको. अलीकडच्या काठाखाली स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीचा सरळ तुकडा घातला आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल काढली. स्पिरिट लेव्हलवर भागवू नका. १८० सेमीत ५ मिमीचा फरकही एका टोकाला कोरडा काळा पट्टा दाखवतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि लेव्हल घेऊन जाते. विटांखाली १५ सेमी धुमस केलेला मुरूम आणि वर क्रश सँड, याला पर्याय नाही.

लेन्सच्या उंचीबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो: 'जितकी खाली तितकी चांगली.' लहान कुंडाला तो लागू नाही. पक्ष्याच्या डोक्याचं प्रतिबिंब पाण्यावर कुठे पडतं ते काढायचं तर पक्ष्याची पाण्यापासूनची उंची गुणिले लेन्सपर्यंतचं अंतर, भागिले पक्ष्याची आणि लेन्सची उंची मिळून. उत्तर म्हणजे पक्ष्यापासून जितक्या अंतरापर्यंत पाणी हवं ते. बुलबुल १५ सेमी आणि खालचा दगड ३, म्हणजे १८. लेन्स ४ मीटरवर. लेन्स पाण्यापासून ८ सेमी वर असेल तर २७७ सेमी लांब पाणी लागतं! २२ सेमीवर नेली तर बरोबर १८० सेमी. ४० सेमीवर १२४ पुरतं, पण मग पाण्याकडे बघण्याचा कोन वाढतो आणि प्रतिबिंब फिकं पडतं. २२ सेमीला डोक्याकडचा कोन सहा अंशांच्या आतच राहतो, निम्म्याहून थोडा जास्त उजेड परत येतो. म्हणजे प्रतिबिंब एक स्टॉपभर गडद येणारच. ते एडिटिंगमध्ये उजळवून पक्ष्याच्या बरोबरीला आणू नये, खोटं दिसतं. ज्यांची जागा आखूड आहे त्यांनी बुलबुलाचा नाद सोडून मुनिया आणि चष्मेवाल्यांवर समाधान मानावं. १० सेमीच्या पक्ष्याला याच मांडणीत दीड मीटर पाणी पुरतं.

प्रतिबिंब फोकसमध्ये येतं का, हा प्रश्न वारंवार येतो. येतं. त्याचं प्रकाशीय अंतर जवळजवळ पक्ष्याइतकंच असतं, पाण्याच्या पृष्ठभागाइतकं नसतं. ४०० मिमी, ४ मीटर आणि एफ ८ ला क्रॉप सेन्सरवर खोली तीनेक सेंटीमीटर मिळते, डोळा धरला की पक्ष्याचा आणि प्रतिबिंबातला असे दोन्ही डोळे शार्प. सकाळी सात ते नऊ वारा पडलेला असतो, तेव्हा १/८०० आणि आयएसओ १६०० वर काम होतं. पश्चिमेला दुहेरी शेडनेट ताणलं आहे, पण सैल शेडनेट फडफडून पक्ष्यांना घाबरवतं. कडेला पट्टी शिवून, आयलेट मारून घट्ट ताणावं.

आता जे अजून छळतंय ते. बोअरचं पाणी. पाण्याच्या रेषेवर काळ्या कागदाला क्षारांची पांढरी कड धरते आणि फोटोत ती आधी दिसते, पक्षी नंतर. लिंबूसत्व लिटरला ५० ग्रॅम, वीस मिनिटं ओलं ठेवून ब्रशने घासलं की निघते. धुतलेलं पाणी कुंडात राहू द्यायचं नाही. आरओचं वाया जाणारं पाणी वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यात क्षार आणखी जास्त असतात. आता कॅनमध्ये नळाचं, गंगापूर धरणाचं पाणी भरायचं आणि बोअरचं फक्त झाडांना, असं ठरलं आहे.

पण क्षारांची कड मुळात पातळी खाली-वर होण्याने वाढते. कुंडाचा पृष्ठभाग १.३५ चौरस मीटर. थंडीत दिवसाला तीन-चार मिमी उडालं तरी साडेचार-पाच लिटर गेले, आणि ठिबक देतं दोन. वर सातभाईंची टोळी येऊन निम्मं उडवते ते वेगळं. एप्रिल-मेमध्ये सेंटीमीटरभर उडेल तेव्हा तेरा-चौदा लिटर लागतील. ठिबक वाढवणं हा उपाय नाही, पाट्यावर धार होईल. म्हणून कूलरचा फ्लोट. झुडपामागे एक बादली, तिच्यात नळाला जोडलेला फ्लोट, आणि बादली-कुंड जोडायला काठावरून टाकलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. सायफनने दोन्हीकडची पातळी एक राहते आणि कागदाला भोक पाडावं लागत नाही. शेततळ्याच्या कागदाला सिलिकॉन चिकटत नाही, फेविकॉल तर नाहीच, त्यामुळे भोक म्हणजे कायमची गळती. खोट एकच: ऊन तापलं की नळीच्या वरच्या वळणात हवेचे बुडबुडे जमतात आणि सायफन तुटतो. वळण जेमतेम काठाच्या वर ठेवून सावलीत आणलं तर टिकतो. चाचणी चालू आहे.

हे लिहिताना एक सुचलं. थेंब पक्ष्याला बोलवायला हवा, फोटोच्या क्षणी नको. मग चिमटी हाईडमध्येच का आणू नये? कॅन ते हाईड आणि हाईड ते परळ अशी मायक्रोट्यूब फिरवली तर लांबीने वेगाला फरक पडणार नाही, मिनिटाला ३ मिली म्हणजे काहीच नाही. पक्षी उतरला की चिमटी बंद. पाटा असताना याची गरज उरत नाही हे खरं, पण ज्यांच्याकडे पाटा बसवायला जागा नाही त्यांना हा स्वस्त तोडगा आहे. करून बघणार.

डास: ५ सेमी पाण्यात गप्पी मासे उन्हाळ्यात तग धरत नाहीत, आणि धरले तर वंचक बगळा येऊन साफ करतो. दर तीन-चार दिवसांनी पाणी काढून कागद घासणं हाच मार्ग. ते पाणी धायटीच्या झुडपाला. द्राक्षवाल्यांच्या घरी मोरचूद असतोच, शेवाळासाठी तो कुंडात टाकायचा मोह टाळा, तांबं पाण्यातल्या जीवांना घातक आहे.

झाडांचं थोडक्यात. पांढरफळीचं कुंपण खांद्याएवढं झालं, बुलबुल आणि होले आधी त्यावर थांबून मगच पाण्यावर येतात. पाण्यापासून दोन मीटरच्या आत दाट झुडूप ठेवलेलं नाही, मांजर दबा धरतं. धायटीला कळ्या यायला लागल्या आहेत. नर्सरीत धायटी मागितली की बॉटलब्रश पुढे करतात. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या सुरुवातीला विचारावं, तिथे देशी रोपं स्वस्त असतात. धायटीचं बी पेरायचं तर ते धुळीइतकं बारीक असतं, राखेत मिसळून वरच्यावर भुरभुरावं, मातीने झाकू नये.

दाण्याची थाळी काढून टाकली ती कायमचीच. ती असेपर्यंत पारवे हटत नव्हते. संक्रांतीच्या आधी झाडांत अडकलेला मांजा काढायचा आहे, त्यासाठी बांबूला कोयत्याचं पातं बांधून ठेवलंय. फ्लोटची चाचणी यशस्वी झाली तर मेमध्ये कुंड २१० सेमी करायचं, म्हणजे लेन्स १७ सेमीपर्यंत खाली नेली तरी १५ सेमीचा पक्षी पुरा बसेल. वाढीव ३० सेमीसाठी मुरूम पावसाआधीच भरून ठेवावा लागेल, आणि कागद जोडून चालणार नाही, सलग नवा घ्यावा लागेल. पिंपळगाव-चांदवड पट्ट्यात शेततळ्याचे कागद बसवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे किलोवर मिळतात, तीन मीटर बाय दीड मीटरचा मागायचा.