आमची वाटचाल : वाहकतेचा एक आकडा आणि आमची पावडर

भोसरीच्या एमआयडीसीतील एका लहान गाळ्यात आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपीची, कार्बनचे आवरण दिलेली कॅथोड पावडर, म्हणजे लिथियम बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडचा माल, बनवतो. चीनमधून हाच माल टनावारी येत असताना किलोच्या हिशेबात विकणारा कारखाना आजवर उभा कसा राहिला, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांच्यासाठी आणि काही अंशी ज्यांनी आम्हाला मोडीत काढले होते त्यांच्यासाठीही हे लिहीत आहे.

माझे भागीदार, ज्यांना सगळा गाळा अण्णा म्हणतो, हयातभर फेराइटच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठी लागणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकच्या, भट्टीवर होते. मँगनीज-झिंक फेराइटमध्ये द्विसंयुजी लोह वाढले की त्याच्या आणि त्रिसंयुजी लोहाच्या दरम्यान इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात, रोध घसरतो आणि कोअर तापतो. म्हणून भट्टी थंड होईपर्यंत ऑक्सिजनवर नजर ठेवण्यात त्यांची उमर गेली. आमच्याकडे आल्यावर त्यांना नेमके उलटे काम मिळाले, कारण इथे लोह द्विसंयुजीच राहिले पाहिजे आणि रोध मात्र खाली आला पाहिजे. १९९७ साली पाधी, गुडइनफ आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी मांडलेला हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित खरा, पण त्याच्या स्फटिकात फॉस्फेटचे गट मध्ये येत असल्याने इलेक्ट्रॉनला सलग रस्ता मिळत नाही. उघड्या एलएफपीची वाहकता १० च्या उणे ९ व्या घाताइतके सीमेन्स प्रति सेंमी, म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या सुमारे लाखाव्या हिश्शाइतकी भरते. मिशेल आर्मां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या अखेरीस दाखवलेला कार्बनच्या आवरणाचा उपाय आला नसता, तर आमच्यासारख्यांनी या धंद्यात पाऊलही टाकले नसते.

आम्ही साखर घालून ओले दळण करतो, ते वाळवतो आणि नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या आसपास भाजतो. साखर करपून कणाभोवती काही नॅनोमीटरचा काळा थर बसतो आणि तोच थर लोहालाही सांभाळतो. भट्टीतून सॅगर, म्हणजे माल भाजण्याचे भांडे, बाहेर आले की अण्णा आधी त्याच्या काठाकडे पाहतात. काठाला विटकरी छटा दिसली, तर नायट्रोजनची लाइन कुठेतरी गळते आहे हे मीटर बोलण्याआधी त्यांना कळलेले असते.

अण्णांच्या नजरेनंतरचे दुसरे लाडके हत्यार म्हणजे पावडरीची वाहकता मोजण्याची आमची जिग. पीक (PEEK) नावाच्या कडक प्लास्टिकची जाड नळी, दोन्ही बाजूंनी कडक पोलादाचे दट्टे, वर हायड्रॉलिक प्रेस, थराची जाडी वाचायला डायल गेज आणि चार तारांचे मिलिओहम मीटर. तारा चार अशासाठी की जोडाचा रोध पावडरीच्या माथी बसू नये. दाब वाढवला की कण एकमेकांना भिडतात आणि तीच पावडर जास्त वाहक दिसते. म्हणून दाब न लिहिलेला वाहकतेचा आकडा मी कागदावरही घेत नाही.

आमच्यावरचे संकट असल्याच एका आकड्यातून आले. सुरुवातीची चांगली वर्षे सरली, दुसरी भट्टी बँकेच्या कर्जावर आली आणि एका मोठ्या ग्राहकाने, ज्यांचे नाव मी घेणार नाही, वर्षभराच्या पुरवठ्याचा शब्द दिला. कच्चा माल आधीच भरून ठेवण्याचा आग्रहही त्यांचाच होता. २०२२ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये आमचा कच्चा माल, लिथियम कार्बोनेट, टनाला सुमारे ६ लाख युआनपर्यंत चढले होते, आणि त्या चढ्या बाजारात आम्ही साठा केला. त्यानंतर ऑर्डर एका प्रतिस्पर्ध्याकडे वळवण्यात आली, कारण त्यांच्या पावडरीची वाहकता आमच्या कित्येक पट निघाली होती. अहवालात दाबाचा रकाना रिकामा होता, याकडे मी लेखी लक्ष वेधले. उत्तर आजतागायत आलेले नाही. २०२३ संपेपर्यंत लिथियम कार्बोनेट १ लाख युआनच्या आसपास उतरले, गोदामातला माल कवडीमोल झाला आणि नायट्रोजनवाल्याने सिलिंडर देण्याचे थांबवले.

या काळात हैदराबादच्या एका ग्राहकाने आम्हाला तारले. त्यांची स्वतःची लहानशी पाउच सेल, म्हणजे पाकिटासारख्या चपट्या बॅटरी, बनवण्याची लाइन आहे, आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी वाहकतेऐवजी कणांच्या आकाराचा आलेख मागितला होता. त्यांनी आमची आणि प्रतिस्पर्ध्याची अशा दोन्ही पावडरी आपल्या लाइनवर चालवल्या. सावकाश डिस्चार्जला दोन्ही सारख्याच निघाल्या, परंतु ३ सीला, म्हणजे सुमारे वीस मिनिटांत सेल रिकामा करण्याच्या वेगाला, प्रतिस्पर्ध्याची क्षमता कोसळली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कारण उघड झाले: कार्बन अधिक वाहक व्हावा म्हणून त्यांनी जास्त तापमानाला भाजले होते, साखरही सढळ हाताने घातली होती, आणि त्या उष्णतेत कण फुगले होते. एलएफपीमध्ये लिथियमचा आयन स्फटिकाच्या एकाच दिशेने, अरुंद बोगद्यांतून सरकतो, आणि वाटेत लिथियमच्या जागी लोहाचा अणू बसला असेल तर तो बोगदाच बंद होतो. कण दुप्पट झाला की आयनला आत पोहोचायला चौपट वेळ लागतो. इलेक्ट्रॉन दारात हजर, पण आयनचा पत्ता नाही, अशी ती पावडर होती आणि जिगवर मात्र पहिली आली होती. पुढच्या लॉटचे पैसे हैदराबादच्या त्या गृहस्थांनी आगाऊ पाठवले. त्यातून आधी नायट्रोजनची बाकी फिटली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विचारले नसले तरी सांगतो. जिग स्वतःची ठेवा आणि प्रत्येक लॉट ठरलेल्या एकाच दाबाला मोजा. कार्बन वाढवून आकडा सजवू नका, कारण टॅप डेन्सिटी, म्हणजे ठोकून बसवलेल्या पावडरीची घनता, पडते, स्लरी, म्हणजे फॉइलवर लेपायचे पातळ मिश्रण, जास्त सॉल्व्हंट पिते आणि ॲल्युमिनियम फॉइलवर माल कमी बसतो. कॅलेंडरिंग, म्हणजे लेप दिलेले फॉइल रोलरखाली दाबण्याचे काम, करणाऱ्यांनाही हेच लागू आहे: रोलर अधिक दाबले की कणांचा संपर्क सुधारतो, परंतु ज्या छिद्रांतून इलेक्ट्रोलाइट आयन वाहून नेतो ती बुजतात, आणि जाड इलेक्ट्रोडमध्ये याचा फटका सर्वांत आधी बसतो. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. तो बिलावर ठळक छापा, मोठ्या ग्राहकांना आठवण लागते.

गेल्या वर्षी त्याच मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून सॅम्पलची विचारणा आली. मागणीपत्रात वाहकतेसमोर आता मोजणीचा दाब नमूद आहे आणि खाली ३ सीच्या क्षमतेची नवी ओळ आहे. सॅम्पल आम्ही पाठवले, सोबत अण्णांच्या सहीचा भट्टीचा तक्ता जोडला आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. ती जमा झाल्यावर लॉट भट्टीत घातला.