अळ्यांआधी हिरवं पाणी: नाशकात अमानो कोळंबी वाढवताना

अमानो कोळंबीच्या अळ्या नाशकात वाढतात. समुद्र दूर आहे म्हणून काही अडत नाही, मीठ पिशवीतून मिळतं. अडतं ते अळ्यांच्या खाद्याच्या, म्हणजे जिवंत शैवालाच्या, पाव लिटरच्या एका बाटलीपाशी आणि त्या बाटलीसाठी भराव्या लागणाऱ्या दोन पानी फॉर्मपाशी. माझा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे फॉर्मबद्दल जरा जास्तच लिहिलं जाईल.

एवढा खटाटोप का, ते आधी. दुकानात ही कोळंबी शेवाळ खाणारी म्हणून मिळते. मोठी झालेली कोळंबी आयुष्यभर गोड्या पाण्यात राहते, अंडीही तिथेच धरते, पण अंड्यातून निघालेली अळी गोड्या पाण्यात काही दिवसांपलीकडे जगत नाही. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेंटाटा. जुन्या पुस्तकांत कॅरिडिना जॅपोनिका सापडेल, नाव २००६ मध्ये बदललं. मूळची जपान, रिऊक्यू बेटं, तैवान या बाजूच्या ओढ्यांतली. बेटांवरचे ओढे आखूड आणि उताराचे. अळी प्रवाहाबरोबर वाहत समुद्रात जाते, प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, महिना-दीड महिना काढते आणि इवलीशी कोळंबी होऊन पुन्हा एखाद्या ओढ्यात चढते. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर गोड्या पाण्यातला प्राणी पोचणार तरी दुसरा कसा? म्हणूनच त्या ओढ्यांत अशा येजा करणाऱ्या कोळंब्यांच्या अनेक जाती एकत्र नांदतात. नारळखेकडा तर जमिनीवर राहतो, तरी मादीला अळ्या सोडायला समुद्राच्या काठावरच यावं लागतं. आणि जपानी शेवंडाची पानासारखी चपटी, काचेसारखी अळी टाकीत वाढवायची तर साधारण ३०० दिवस लागतात. त्या मानाने आपलं काम हलकं.

चेरी कोळंबीच्या अनुभवावरून अंदाज बांधू नका. ती मोजकी, मोठी अंडी घालते आणि त्यातून थेट तयार पिल्लू निघतं. अमानोची मादी पोटाखाली हजार-दोन हजार बारीक अंडी धरते. सुरुवातीला ती गडद हिरवी दिसतात, मग मातकट, शेवटी फिकट, आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके. २४-२५ अंशाला याला साधारण पाच आठवडे लागतात. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असेल तर लवकर उरकतं. हे पाच आठवडे म्हणजे तुमची मुदत. अंडी दिसली त्याच दिवशी शैवालासाठी अर्ज करायचा. मी ‘आधी अंडी फुटू देत, मग बघू’ म्हटलं आणि तिथेच चुकलो.

अळीला तरंगतं, जिवंत, एकपेशीय शैवाल लागतं. टेट्रासेल्मिस सगळ्यांत बरं: पेशी दहा मायक्रॉनच्या आसपास, स्वतः पोहते, तळाला लवकर बसत नाही. नॅनोक्लोरोप्सिस वाढवायला सोपं, पण पेशी दोन ते चार मायक्रॉनची. एकट्या त्याच्यावर माझ्या अळ्या टिकल्या नाहीत. स्पिरुलिनाची पावडर हा सगळ्यांना सुचणारा आडमार्ग. ती काही तासांत तळाला बसते, दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो आणि अमोनिया चढतो. या टाकीला फिल्टर लावता येत नाही, तो अळ्याच ओढून घेतो, त्यामुळे एकदा सडलेलं पाणी सावरत नाही.

टेट्रासेल्मिसचं शुद्ध बियाणं शैवालसंग्रह ठेवणाऱ्या संस्थांकडून मिळतं. मी जिथे मागितलं तिथलं नाव लिहीत नाही. फॉर्ममध्ये रकाने असे: अर्जदाराचा विभाग, विभागप्रमुखांची सही व शिक्का, वापराचा हेतू, जातीचं नाव, प्रमाण, नेण्याची पद्धत. हेतूच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘घरगुती मत्स्यालय’ लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: वैयक्तिक व्यक्तीस पुरवठा होत नाही. मग एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सरांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं. शिक्का नेमका सहीवर बसला आणि सही वाचता येत नाही म्हणून अर्ज परत. आणखी अकरा दिवस. तिसऱ्यांदा अर्ज मान्य झाला, पण पैसे डीडीनेच हवेत, ऑनलाइन नाही. आणि डीडी कोणाच्या नावे काढायचा ते फॉर्मवर कुठेच छापलेलं नाही, फोन करून विचारावं लागतं. फोन दुपारी तीननंतर कोणी उचलत नाही, सकाळी साहेब मीटिंगमध्ये. डीडी हातात पडला तेव्हा पहिल्या मादीची अंडी फुटून अळ्या मरूनही झाल्या होत्या.

तेव्हा फॉर्म असा भरा. हेतूत ‘शैक्षणिक: कोळंबीवर्गीय अळ्यांचं संवर्धन’ लिहा, आणि ते खरं असू द्या, सरांना म्हणावं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना झोईया, म्हणजे या पोहणाऱ्या अळ्या, दाखवायला घेऊन येतो. सर लोक याला नाही म्हणत नाहीत. सही निळ्या शाईने, शिक्का तिच्या शेजारी, वर नाही. जातीच्या रकान्यात नुसतं ‘शैवाल’ लिहिलं तर हाताशी असेल ते देतात. प्रमाणात २५० मिली पुरे, पण ज्या पाण्यात वाढवलंय त्याची क्षारता बाटलीवर लिहून मागा. २५ पीपीटीचं (म्हणजे हजार भागांत २५ भाग क्षार) शैवाल एकदम ३३ मध्ये ओतलं तर बऱ्याच पेशी तळाला बसतात, दोन टप्प्यांत चढवावं. आणि सगळ्या कागदांची झेरॉक्स ठेवा, फोनवर ‘तुमचा अर्ज दिसत नाही’ हे वाक्य ऐकायला मिळतंच.

नेण्याची पद्धत हा आणखी एक खड्डा. कुरिअरच्या खिडकीवर बाटली पाहिली की ‘लिक्विड चालत नाही’. एकाने घेतलं, तर पार्सल शुक्रवारी निघून सोमवारी पोचलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट, तीन दिवस अंधारात आणि गरमीत. उघडली तेव्हा तळाला तपकिरी गाळ आणि सडक्या अंड्याचा वास. दुसरी बाटली ओळखीच्या माणसाबरोबर रात्रीच्या गाडीने कसाऱ्याच्या घाटातून आली आणि ठणठणीत पोचली. बाटली दोन-तृतीयांशच भरायची, वर हवा राहू द्यायची, वाटेत दोन-तीनदा हलवायला सांगायचं आणि घरी आल्याबरोबर झाकण काढून कापसाचा बोळा लावायचा.

आता २५० मिलीचं सहा लिटर करायचं. एका भागाला चार भाग नवं खारं पाणी, वीस वॉटची पांढरी एलईडी ट्यूब, रोज १६ तास उजेड, आणि नळीतून मोठे बुडबुडे. पाच ते सात दिवसांत बाटली गडद हिरवी होते, मग पुन्हा एकास चार. म्हणजे दोन टप्प्यांना पंधरवडा, आणि फॉर्मचे आठवडे वेगळे. पाच आठवड्यांची मुदत कशी संपते ते आलं लक्षात. नवं पाणी निर्जंतुक करायला उकळू नका, क्षार पांढरे होऊन तळाला बसतात. लिटरला अर्धा मिली साधं ब्लीच टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी मत्स्यालयाच्या दुकानातल्या अँटी-क्लोरीनने उतरवा.

खताची एक गोष्ट मात्र नाशकातच सोपी. शैवालाचं खाद्य म्हणून जगभर एफ-बाय-टू नावाचं मिश्रण वापरतात. त्यातला नायट्रेट आणि फॉस्फेटचा भाग द्राक्षवाल्यांच्या कुठल्याही कृषी दुकानात पडलेला असतो. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पहिलं ९ ग्रॅम १०० मिली आरओ पाण्यात, दुसरं अर्धा ग्रॅम वेगळ्या १०० मिलीत, आणि चिलेटेड लोह, ईडीटीए १२ टक्क्यांचं, अर्धा ग्रॅम तिसऱ्या १०० मिलीत. प्रत्येकातलं १ मिली दर लिटरला. तिन्ही एकाच बाटलीत कालवून ठेवू नका, लोह आणि फॉस्फेट एकमेकांना धरून बसतात. बी-१२ हवं असेल तर मेडिकलमधलं ५०० मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन लिटरभर पाण्यात मिसळा आणि त्यातलं १ मिली दर लिटरला. बाटली फ्रीजमध्ये, अंधारात.

पण त्याच दुकानातून ‘मायक्रोन्यूट्रिएंट मिक्स’ आणू नका, त्यात तांबं असतं. आणि मळ्यातली बादली, मग, चमचा, फवाऱ्याचं माप यातलं काहीही या कामाला घेऊ नका, कितीही घासलं तरी. ज्या बादलीत कधी बोर्डो फवाऱ्यासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, कालवलंय ती कोळंबीसाठी कायमची बाद. तांबं या वर्गातल्या प्राण्यांना अगदी थोडंही सोसत नाही.

खारं पाणी: प्रवाळांच्या टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ, लिटर आरओ पाण्याला ३५ ग्रॅम. खाण्याचं किंवा खडे मीठ चालत नाही. आयोडीनला उगाच दोष देतात. खरी उणीव मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमची, आणि वारंवार कात टाकणाऱ्या अळीला त्यांच्याशिवाय भागत नाही. मी ३२ ते ३३ पीपीटी ठेवतो, २५ अंशाला घनता १.०२४ ते १.०२५. क्षारता मोजायला काटा वर चढणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर घेऊ नका. काट्याला बुडबुडे चिकटतात, काटा वर जातो, पाणी खारट वाटतं आणि प्रत्यक्षात पातळ असतं. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि दर वेळी डिस्टिल्ड वॉटरवर शून्य करून घ्या. डहाणूहून कॅन भरून आणण्याचा मोह होईल, पण किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं आणि पावसाळ्यात पातळही होतं.

टाकीवर मार्करने पाण्याची रेघ मारा. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, म्हणून रोज रेघेपर्यंत साधं आरओ पाणीच घालायचं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दहा लिटरच्या टबातलं पाणी रोज डोळ्यांना दिसेल इतकं उतरतं.

अंड्यात डोळे दिसले की मादी वेगळ्या बादलीत, गोड्या पाण्यात. अळ्या रात्री सुटतात. सकाळी मादी काढून घ्या, खोली अंधारी करा आणि बादलीच्या एका कोपऱ्याला टॉर्च लावा. पाच मिनिटांत सगळ्या अळ्या उजेडाशी गोळा होतात, जेमतेम दोन मिलिमीटरच्या, डोकं खाली आणि शेपूट वर. हवेच्या पातळ नळीने त्या ओढून घ्या; जाळी वापरली तर चिरडतात. ४८ तासांच्या आत थेट खाऱ्या पाण्यात सोडा, हळूहळू सवय लावायची गरज मला तरी भासली नाही.

टबात एअरस्टोन नको. बारीक बुडबुडे अळीच्या पायांत अडकतात आणि ती पृष्ठभागावर चिकटून मरते. उघडी नळी, सेकंदाला एक-दोन बुडबुडे. उजेड १८ तासांच्या वर. पाणी इतकं हिरवं की ग्लासात घेऊन मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता यावा, बारीक मजकूर वाचता येऊ नये. तापमान २४ ते २६. डिसेंबर-जानेवारीत रात्री खोलीच इतकी गार पडते की ५० वॉटचा हीटर लागतोच. लाईट जाते तेव्हा हीटरपेक्षा हवेची काळजी करा, बॅटरीवरचा पंप चार्ज करून ठेवा.

अळी खाते की नाही हे पाण्यावरून ठरवू नका. एक अळी ड्रॉपरने काचपट्टीवर घ्या, दहापट भिंगाखाली धरा. अंग पारदर्शक असतं. पाठीखालून शेपटीकडे जाणारी बारीक हिरवी रेघ दिसली तर पोट भरलेलं आहे. रेघ तुटक किंवा पांढरी असेल तर शैवाल कमी पडतंय किंवा मेलंय. सूक्ष्मदर्शक असेल तर अवस्थाही कळतात. पहिल्या झोईयाचे डोळे डोक्यात बसवलेले, दुसरीचे दांड्यावर, तिसरीला शेपटीच्या पात्याशेजारी नवे पंखे फुटतात. अशा नऊ झोईया अवस्था. शेवटाकडे पोटाखाली पायांचे कोंब दिसायला लागतात. दहाव्या दिवसापर्यंत अळ्या एकसारख्या वाढल्या आणि नंतर अडकल्या, तर बहुतेक वेळा खाणंच अपुरं असतं.

साधारण तिसाव्या दिवशी एखादी कोळंबी सरळ दिसेल: पाठ वर, पुढे पोहणारी, काचेला धरून बसणारी. ती आता अळी राहिलेली नाही. खाऱ्या पाण्यात तिला फार दिवस ठेवू नका. दोन-तीन तासांत थेंबथेंब गोडं पाणी घालत आणा आणि शेवाळ धरलेल्या जुन्या टाकीत सोडा. सगळ्या एकाच दिवशी बदलत नाहीत. पहिली आणि शेवटची यांत तीन-तीन आठवड्यांचं अंतर पडतं, तोवर रोज टॉर्च घेऊन बसायचं.

एक राहिलंच. शैवालाची २०० मिलीची एक बाटली टबापासून लांब, दुसऱ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीत ठेवा. तिची नळी, तिचा ड्रॉपर वेगळा. एका ओल्या नळीतून आलेले सूक्ष्मजीव अख्खी बाटली दोन दिवसांत फस्त करतात. दर पंधरा दिवसांनी त्यातलं थोडं नव्या पाण्यात. माझी अशी बाटली चालू आहे, त्यामुळे तो फॉर्म पुन्हा भरावा लागलेला नाही.