क्रून आणि लितास: १९९३ ते २०१० चा तक्ता पूर्ण

एस्टोनियाचा क्रून आणि लिथुआनियाचा लितास यांच्यातल्या दरांचा तक्ता हातावेगळा झाला. सुरुवात २५ जून १९९३, म्हणजे लितास चलनात आला तो दिवस. शेवट ३१ डिसेंबर २०१०, कारण दुसऱ्या दिवसापासून एस्टोनियात युरो आला. बाल्टिक नोटा जमवणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: बुद्धिबळपटू पॉल केरेसची ५ क्रूनची नोट आणि दारियुस-गिरेनास या वैमानिकांची १० लितासची नोट अल्बममध्ये शेजारीशेजारी आहेत खऱ्या, पण चलनात असताना त्यांची एकमेकींत किंमत काय होती?

मी सर्वांत जास्त रमलो तो एप्रिल १९९४ ते जानेवारी २००२ या पट्ट्यात. दोन्ही देशांनी करन्सी बोर्ड पत्करलेलं. जितकी परकीय गंगाजळी, तितकंच चलन. पण खुंटे वेगवेगळे. २० जून १९९२ ला क्रून आला तोच जर्मन मार्काला बांधून: ८ क्रून म्हणजे १ मार्क. लितास १ एप्रिल १९९४ पासून डॉलरला बांधला: ४ लितास म्हणजे १ डॉलर. आता कागदावर मांडून बघा. १ लितास म्हणजे पाव डॉलर, १ क्रून म्हणजे मार्काचा आठवा भाग. म्हणजे डॉलरला जितके मार्क, त्याच्या बरोबर दुप्पट क्रून एका लितासला! टाल्लिन किंवा विल्नियसचा एकही जुना दरपत्रक-कागद हाती नसताना, नुसत्या डॉलर-मार्क दरावरून रोजचा क्रून-लितास दर काढता येतो. हे सूत्र पहिल्यांदा जुळलं तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

आलेख बघण्यासारखा आहे. १९९५ च्या वसंतात डॉलर १.४० मार्कांच्याही खाली गेला आणि लितास २.८० क्रूनच्या खाली. त्या वर्षाची सरासरी २.८७. पुढे १९९७ ला ३.४७, २००० ला ४.२४, २००१ ला ४.३७. सहा वर्षांत लितास क्रूनच्या तुलनेत निम्म्याहून अधिक महागला, आणि त्यासाठी दोन्हीकडच्या मध्यवर्ती बँकांनी काहीही केलं नव्हतं. जे काही घडलं ते डॉलर आणि मार्काच्या बाजारात. एस्टोनियाचा व्यापार फिनलंड, स्वीडन, जर्मनीकडे झुकलेला, म्हणून मार्क. लिथुआनियाचा बराचसा व्यवहार पूर्वेकडे आणि डॉलरमध्ये, मझेइकियाईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी लागणारं कच्चं तेलही डॉलरमध्येच. दोघांचाही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखा होता, पण त्याची किंमत एकमेकांशी व्यापार करणाऱ्यांनी मोजली. १९९५ मध्ये विल्नियसला १०० लितासला विकलेल्या मालाचे टाल्लिनमध्ये सुमारे २८७ क्रून आले असते, २००१ मध्ये ४३७. उलट दिशेने माल पाठवणाऱ्या लिथुआनियन उत्पादकाची काय कोंडी झाली असेल, हे याच आकड्यांत दिसतं.

१ जानेवारी १९९९ ला सूत्र बदलावं लागतं. १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क ठरला, त्यामुळे क्रूनचा दर आपोआप १५.६४६६ प्रति युरो झाला. तिथून पुढे १५.६४६६ ला युरोच्या डॉलरमधल्या दराच्या चौपटीने भागायचं. ४ जानेवारी १९९९ ला युरो १.१७८९ डॉलर होता, म्हणून लितास ३.३१८ क्रून. सांधा अगदी बेमालूम जुळतो.

२ फेब्रुवारी २००२ ला लिथुआनियाने खुंटा बदलला: ३.४५२८ लितास म्हणजे १ युरो. हा आकडा ४ ने भागला की ०.८६३२ मिळतो, म्हणजे आदल्या दिवशीचा युरोचा डॉलरमधला दर. त्यामुळे हे अवमूल्यन नव्हे. चढलेला लितास आहे त्याच पातळीवर युरोला बांधला, निर्यातदारांना सवलत म्हणून एक पैसाही इकडचा तिकडे केला नाही. मला हा निर्णय विलक्षण शिस्तीचा वाटतो. तेव्हापासून २०१० अखेरपर्यंत तक्त्यात एकच आकडा आहे: ४.५३१६. २००८-०९ च्या संकटात अवमूल्यनाच्या अफवा उठल्या, तेव्हाही तोच.

जून १९९३ ते मार्च १९९४ या तुकड्याला मात्र सूत्र लागू नाही. लितास तेव्हा मोकळा होता, म्हणून तिथे त्याचा डॉलरमधला दर एकेक दिवस घेऊनच भरला.

आता लाटव्हियाचा लॅट्स हातात घेतलाय. हे काम जास्त किचकट आहे, कारण फेब्रुवारी १९९४ पासून तो नाणेनिधीच्या एसडीआरला बांधलेला होता: ०.७९९७ लॅट्स म्हणजे १ एसडीआर. एसडीआर ही चलनांची टोपली, आणि हिशेब टक्क्यांनी नाही तर ठरलेल्या रकमांनी करायचा. १९९६ ते १९९८ साठी ०.५८२ डॉलर, ०.४४६ मार्क, २७.२ येन, ०.८१३ फ्रँक आणि ०.१०५ पौंड असे पाच स्तंभ आखून झालेत. मार्काचा स्तंभ क्रूनमध्ये थेट बदलतो, उरलेल्या चौघांना मार्कातून न्यावं लागतं. १९९९ पासून मार्क आणि फ्रँक दोन्ही युरोत जातात, तो भाग पुढच्या खेपेला. २००५ नंतरचं काम सोपं आहे: ०.७०२८०४ लॅट्स प्रति युरो, म्हणजे लॅट्सला २२.२६३ क्रून, वरखाली एक टक्क्याच्या पट्ट्यात.