जिन्यापाशी बसलेले सिंह

आज सकाळी पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरले आणि वेरेंमार्गे रेइश मागूशपर्यंत चालत गेले. डाव्या हाताला मांडवी होती, घरांआड जायची, पुन्हा दिसायची. किल्ल्याखालचं ते चर्च आजवर मी पलीकडच्या काठावरूनच पाहिलं होतं, पांढऱ्या ठिपक्याएवढं.

जवळ गेल्यावर आधी जिना लागतो आणि त्याच्या पायथ्याशी दोन दगडी सिंह. देवळाच्या दारात असावेत तसे. त्यांची घडण विजयनगर शैलीची मानतात. इथल्या जुन्या देवळाचे दगड असावेत, असंही म्हणतात. सोळाव्या शतकात बारदेशातली देवळं पाडली गेली, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्यातल्याच एखाद्या दगडावर आपला हात असणं वेगळं. बराच वेळ तिथून हलवेना. आधी वाटलं, यांना मुद्दाम पायाशी बसवलंय. मग मनात आलं, पायरीपाशी असणं आपल्याकडे कमीपणाचं कुठे आहे? नामदेवांनी तर विठ्ठलाच्या दारातली पायरीच मागून घेतली. या विचाराने दुःख गेलं नाही, पण त्या सिंहांकडे बघवेना झालं होतं, ते बघवू लागलं.

आत गारवा होता. फ्रान्सिस्कन पाद्रींनी १५५५ मध्ये हे चर्च बांधलं. बाळ येशूला भेटी घेऊन आलेले तीन राजे वेदीवर लाकडात कोरले आहेत. गावाचं नावही त्यांचंच. ६ जानेवारीच्या फेस्ताला गावातली तीन मुलं राजे होतात. ते बघायला यायचंय, नक्की. १५७०-७१ चा आदिलशाही वेढा परतवणाऱ्या लुईस द अताईद या व्हाइसरॉयच्या थडग्याची शिळाही इथेच. ती पाहिली, पण मन बाहेरच होतं.

वरचा किल्ला आज राहू दिला.

बाहेर आले तेव्हा एक आजी जिना झाडत होत्या. वरून खाली, एकेक पायरी. शेवटी सिंहापाशी आल्या, झाडू भिंतीला टेकवला आणि त्याच्या पाठीवरची वाळलेली पानं हाताने, सावकाश काढली. मग दुसऱ्याची. मी फेरीबोटीची घाई सोडून त्यांचं होईस्तोवर तिथंच उभी राहिले.