आकडा थांबला की क्लिक

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमधून तक्रार आली, ‘बॅलन्सच्या कॉम्प्युटरवर कर्सर आपोआप पळतो.’ बॅलन्स म्हणजे वजनाचा काटा. मी काटे दुरुस्त करतो, पण अशा तक्रारीला काटेवाल्याला कोणी बोलावत नाही. आयटीवाल्यांनी व्हायरस म्हणून मशीन दोनदा फॉरमॅट केलं, माउस बदलला, तीन आठवडे घालवले आणि मग मला फोन केला. तोवर रात्रपाळीच्या एका केमिस्ट मुलीला मेमो मिळाला होता. वजनाची एक नोंद रद्द झाली होती आणि ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ठेवतो त्या कामांच्या नोंदीत, तिचं लॉगिन होतं. ‘मी हात लावला नव्हता,’ एवढंच ती सांगत होती.

काटा जुना, पण उत्तम. 220 ग्रॅमचा, 0.1 मिलीग्रॅमपर्यंत वाचणारा. लेव्हलचा बुडबुडा मधोमध, प्रमाणित वजनं ठेवली तर आकडे चोख. मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, म्हणजे आकडे कॉम्प्युटरला पाठवायची जुन्या पद्धतीची जोडणी. नव्या कॉम्प्युटरला तसं पोर्टच नाही, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला, दोन तास त्यातच गेले.

ती मुलगी बाजूला उभी होती. शेवटी तीच म्हणाली, "सर, काचा उघड्या असताना नाही होत. काचा लावल्या आणि आकडा थांबला की होतं."

हे तिला पहिल्याच दिवशी कोणी विचारलं असतं तर! काट्याच्या पात्राभोवतीच्या काचा उघड्या असल्या की हवेने आकडा हलत राहतो. हा काटा हलता आकडा पाठवताना एकक पाठवत नाही. स्थिर झाल्यावरच आकड्यामागे ‘जी’, म्हणजे ग्रॅमचं अक्षर जोडतो. म्हणजे भानगड त्या एका अक्षरात होती.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. माउसच्या यादीत दोन नावं, त्यातलं एक ‘सीरियल बॉलपॉइंट’. लॅबमध्ये तसला माउस नव्हताच. तो आमचा काटा होता!

कॉम्प्युटर सुरू होताना किंवा कन्व्हर्टर लावल्यावर सिस्टिम त्या पोर्टवर ‘कोण आहे?’ असं विचारते. काटा कंटिन्युअस मोडवर ठेवलेला, त्यामुळे तो न विचारताच बोलत होता. त्याचा डेटा पाठवायचा वेग 1200 बॉड, प्रत्येक अक्षर 7 बिटांचं. बरेच जुने सीरियल माउसही नेमके याच वेगाने, याच बिटांत बोलायचे. सिस्टिमने त्याला माउस धरलं. त्या माउसच्या भाषेत ‘जी’ अक्षराचा अर्थ डावं बटण दाबलं, आणि त्यामागून ओळ संपवायला येणाऱ्या दोन खुणांचा अर्थ कर्सर इतका सरकव. वजन स्थिर झालं की बटण दाबलं जायचं, कर्सर उडायचा. खाली जे असेल त्यावर क्लिक.

उपाय पाच मिनिटांचा. कन्व्हर्टरच्या पोर्ट सेटिंगमधला, ‘कोण आहे?’ विचारणाऱ्या सीरियल एन्युमरेटरचा टिक काढला, काट्याचा कंटिन्युअस मोड बंद करून प्रिंट बटणावर ठेवला. पंधरा वेळा वजन ठेवलं, कॉम्प्युटर चार वेळा रीस्टार्ट केला. कर्सर जागचा हलला नाही.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘काटा माउस म्हणून ओळखला गेल्याने ऑपरेटरने न केलेले क्लिक नोंदले जाऊ शकत होते.’ क्यूएचे, म्हणजे गुणवत्ता खात्याचे साहेब म्हणाले, "सेटिंग बदलली एवढंच लिहा ना." मी ओळ काढली नाही. ऑपरेटरची सही घ्यायची असते, तिची घेतली. ती ओळ तिने दोनदा वाचली.

ऑडिट ट्रेलमधली नोंद पुसता येत नाही, येऊही नये. ती व्यवस्था त्यासाठीच आहे. पण तिथे कोणाचं लॉगिन उघडं होतं एवढंच लिहिलं जातं, बटण कोणी दाबलं ते नाही. त्या नोंदीला माझा रिपोर्ट जोडला तरच तिच्यावरचा ठपका निघतो. सहा महिन्यांनी कॅलिब्रेशनला गेलो तेव्हा सेटिंग जशीच्या तशी होती. ती मुलगी नोकरी सोडून गेली होती. रिपोर्ट जोडला का, असं मी तिघांना विचारलं. तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं.