नऊ तारखेचा खाडा

माझ्या लेकीला बत्तिसाव्या आठवड्यातच बाळ झालं. वजन १ किलो ४०० ग्रॅम. त्याला उराशी धरून बसायला नर्सबाईंनी शिकवलं. लेक दमली की मी धरायचे. अंगाला अंग, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. त्याचा इवलासा श्वास माझ्या गळ्याशी लागायचा. पोर तगलं. तेव्हापासून मनात होतं, की अशा आयांसाठी काहीतरी करायचं.

बचत गटातल्या बायका म्हणाल्या, पदयात्रा काढू, चालणाऱ्याने शंभर रुपये द्यायचे. पावती पुस्तकं छापली, वर्गणी सुरूही केली. मग शेजारच्या वकील भाऊंनी थांबवलं. म्हणाले, "ताई, तुमचा गट ट्रस्ट नाही. लोकांकडून पैसे घ्यायच्या आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क. गणपती मंडळं घेतात तीच." घेतलेले पैसे घरोघर फिरून परत केले. फार जिवावर आलं.

पण अर्जात पैसे कशासाठी हवेत ते लिहायचं होतं. तिथे आमचं पेन अडलं. गोळ्या? लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तपासणी? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मग कमी काय पडतंय?

विचारायला सोलापूरच्या पूर्व भागात गेलो. एक पोरगी सातव्या महिन्यात, मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळत बसली होती. बोटं पिवळी पडलेली. बोलताना हात थांबत नव्हता. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला. कार्ड दाखवलं: एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ७.४. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका. गोळी घेतेस का विचारलं, तर म्हणाली, "घेतो की अक्का, चहासंगट." चहाने लोह अंगी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि नऊ तारखेला का गेली नाहीस? "खाडा होतो की. हजार विड्या कोण वळणार?"

तिथल्या तिथे ठरलं. अर्जात लिहिलं: तपासणीच्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि रिक्षाभाडं.

पुढचं सोपं होतं. ठराव, ओळखपत्रं, बँकेचं पासबुक, हेलपाटे. पोलिसांकडे मार्ग लिहून दिला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला चार हुतात्मा पुतळ्यांपासून निघालो, डफरिन चौक, रंगभवन, सात रस्ता करून परत. उन्हं चढायच्या आत संपवायचंच होतं, सोलापूरचं ऊन कुणाची गय करत नाही. लेक नातवाला कडेवर घेऊन चालली. शेवटी सगळ्यांना शेंगदाणा-गुळाचे लाडू दिले. विडी वळणाऱ्या बायका मात्र चारच आल्या. रविवारीही त्यांचं सूप सुटत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.

हिशेब लिहून कार्यालयात दिला. मार्चच्या ९ तारखेला दोन रिक्षा केल्या, सहा जणी आल्या. ती पोरगीही होती. डॉक्टरांनी तिला शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. निघताना मजुरीचे पैसे तिच्या हातात दिले. तिने मोजले, पदराच्या गाठीत बांधले आणि विचारलं, "पुढल्या नऊलाबी रिक्षा येतंय का, अक्का?"

येणार म्हटलं. तिचे दिवस भरेपर्यंतचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.